टर्मिनलवर कोट शोधताना आणि बदलताना: आधी शेल वाचतो, मग सेड

एका स्मरणिकेचा मजकूर तुमच्याकडे आला आहे. त्यात गोव्यातल्या लेखकांची नावं आहेत आणि टाइप करणाऱ्यांनी डी'सोझा असं मध्ये सिंगल कोट टाकून लिहिलं आहे. संपादकांना सगळीकडे मराठी वळणाचं डिसोझा हवंय. सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) वापरणारा माणूस सरळ हे लिहितो:

```
सेड 'एस/डी'सोझा/डिसोझा/जी' यादी
```

एंटर दाबल्यावर ना उत्तर येतं, ना चूक दिसते. नुसतं > असं चिन्ह उभं राहतं आणि कर्सर लुकलुकत राहतो. बरेच जण इथे घाबरून टर्मिनलच बंद करतात. त्याची गरज नाही, कंट्रोल आणि सी एकत्र दाबलं की सुटका होते. पण हे > का आलं ते एकदा नीट कळलं, तर कोटांबद्दलचे पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

पुढे जाण्याआधी लिहिण्याची पद्धत सांगतो. या लेखातल्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. सेड, ग्रेप (जुळणाऱ्या ओळी शोधणारी कमांड), ऑक (ओळींचे तुकडे करून तपासणारी कमांड) ही नावं, एस (म्हणजे बदला) आणि जी (म्हणजे ओळीत सगळीकडे) ही अक्षरं, -एन सारखे पर्याय आणि कमांडमधले अंक टर्मिनलवर रोमन लिपीत टाइप करायचे. कॅपिटल अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. फाइलींची नावं आणि शोधायचा मजकूर मराठीतच राहू द्या, लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे ते चालतं. चिन्हं मात्र दिसतात तशीच उतरवा, कारण सगळा खेळ त्यांचाच आहे.

ओळ कोण वाचतं

तुम्ही लिहिलेली ओळ सेडपर्यंत जशीच्या तशी कधीच पोचत नाही. आधी ती शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड चालवणारा प्रोग्राम, वाचतो. लिनक्सवर बहुधा बॅश आणि आजच्या मॅकवर झेडएसएच. शेल ओळीचे तुकडे पाडतो, कोटांचा अर्थ लावतो, ते कोट काढून टाकतो आणि उरलेले तुकडे सेडच्या हाती देतो. सेडच्या किंवा ग्रेपच्या दृष्टीने सिंगल कोट आणि डबल कोट ही क किंवा ख सारखीच साधी अक्षरं आहेत. त्यांना रेगेक्समध्ये, म्हणजे शोधायच्या मजकुराच्या नमुन्यात, कसलाही खास अर्थ नाही. म्हणून कोटावरून अडचण आली की रेगेक्सकडे बघू नका, शेलकडे बघा. अनेक जण नेमकं उलटं करतात. रेगेक्समध्ये बॅकस्लॅश वाढवत जातात, आणि शेवटी कमांड चालली तरी ती का चालली हे त्यांना सांगता येत नाही.

वरच्या कमांडमध्ये शेलला पहिला कोट उघडलेला दिसला. डी नंतरचा कोट म्हणजे त्याच्या लेखी तोच कोट बंद. मग सोझा/डिसोझा/जी एवढं कोटाबाहेर राहिलं. त्यानंतर आणखी एक कोट उघडला, त्यात यादी हे फाइलचं नाव गिळलं गेलं आणि ओळ संपली तरी तो कोट बंद झालाच नाही. > हे चिन्ह म्हणजे शेल अजून त्या बंद होणाऱ्या कोटाची वाट बघतोय.

सेडच्या हाती नेमकं काय पडतं हे बघायची एक सोपी युक्ती आहे. सेडच्या जागी प्रिंटएफ घाला:

```
प्रिंटएफ '[%एस]\एन' 'एस/"//जी' यादी
```

प्रत्येक तुकडा वेगळ्या चौकटी कंसात छापून येतो. पहिल्या कंसात एस/"//जी दिसेल आणि दुसऱ्यात यादी. बाहेरचे सिंगल कोट गायब झालेले असतील, आतला डबल कोट शाबूत असेल. कोटांची गुंतागुंतीची कमांड खऱ्या फाइलवर चालवण्याआधी ही चाचणी करायची सवय लावून घ्या.

सिंगल, डबल आणि दोन्ही एकत्र

सिंगल कोटांच्या आत शेल कशालाच हात लावत नाही. डॉलर, बॅकटिक (`), बॅकस्लॅश, उद्गारचिन्ह, सगळं जसंच्या तसं पुढे जातं. फक्त एक गोष्ट आत बसत नाही, ती म्हणजे खुद्द सिंगल कोट. त्याच्यापुढे बॅकस्लॅश दिला तरी उपयोग नाही, कारण आत बॅकस्लॅशलाही काही अर्थ उरलेला नसतो.

डबल कोटांच्या आत शेल अर्धवट जागा असतो. डॉलर दिसला की तो व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली किंमत) शोधतो, बॅकटिक दिसला की आतली कमांड चालवतो, आणि बॅकस्लॅशला तो डॉलर, बॅकटिक, डबल कोट, दुसरा बॅकस्लॅश किंवा ओळीचा शेवट यांच्याआधीच मानतो. बॅशमध्ये प्रत्यक्ष टाइप करताना उद्गारचिन्हही जुन्या कमांडचा शोध सुरू करतं.

त्यामुळे साधे प्रसंग सोपे आहेत. डबल कोट शोधायचा तर बाहेर सिंगल, सिंगल शोधायचा तर बाहेर डबल:

```
ग्रेप -एन '"' लेख
ग्रेप -एन "'" लेख
```

सिंगल कोटांच्या आतल्या डबल कोटापुढे बॅकस्लॅश लावू नका. तिथे तो शेल काढत नाही, थेट ग्रेपकडे जातो. २०२२ मध्ये आलेल्या ३.८ आवृत्तीपासून जीएनयू ग्रेप (लिनक्सवरचा नेहमीचा ग्रेप) असल्या अनावश्यक बॅकस्लॅशबद्दल इशारा छापतो.

डिसोझाच्या कमांडला बाहेरून डबल कोट लावले तर ती चालेल, कारण आत डॉलर किंवा बॅकटिक नाही. तरी मी ती सवय लावून घेऊ नका असंच म्हणेन. उद्या शोधायच्या मजकुरात '$५००' अशी किंमत आली की शेल $५ म्हणजे पाचवं आर्ग्युमेंट (स्क्रिप्टला दिलेला पाचवा तुकडा) समजेल. ते बहुधा रिकामं असतं, त्यामुळे सेडला फक्त '००' मिळेल. चूक दिसणार नाही, बदल मात्र भलत्याच ठिकाणी होईल. शोध-बदलाच्या कामात हीच सर्वांत वाईट गोष्ट.

भरवशाचा उपाय असा. बाहेर सिंगल कोट ठेवा, आणि जिथे खरा सिंगल कोट हवा तिथे '\'' ही चार चिन्हं लिहा:

```
सेड 'एस/डी'\''सोझा/डिसोझा/जी' यादी
```

ही चार चिन्हं पाठ करण्यापेक्षा समजून घ्या. पहिला कोट आधीचा तुकडा बंद करतो. \' म्हणजे कोटाबाहेर, बॅकस्लॅशने सुरक्षित केलेला खरा कोट. शेवटचा कोट पुढचा तुकडा उघडतो. मध्ये जागा नसल्यामुळे शेल तिन्ही तुकडे जोडून एकच आर्ग्युमेंट करतो. मध्ये चुकून एक स्पेस पडली तर हे जोडकाम मोडतं. काहींना '"'"' हा प्रकार वाचायला सोपा जातो, त्यात मधला कोट डबल कोटांत ठेवलेला असतो. दोन्ही बरोबर आहेत, एका स्क्रिप्टमध्ये एकच वापरा म्हणजे झालं.

याच जोडकामाने व्हेरिएबलही आत घालता येतं:

```
सेड 'एस/नाव/'"$व्ही"'/जी' यादी
```

व्हेरिएबलभोवतीचे डबल कोट सोडू नका. ते नसतील तर बॅशमध्ये व्हेरिएबलच्या किमतीतल्या पहिल्याच स्पेसवर तुकडा पडेल. आणि त्या किमतीत तिरपी रेघ, बॅकस्लॅश किंवा & असेल तर सेड त्याचा स्वतःचा अर्थ लावेल. हा प्रश्न कोटांचा नाही, पण तो नेमका याच जागी उभा राहतो.

आणखी दोन वाटा आहेत. बॅश आणि झेडएसएचमध्ये $'...' असं लिहिलं की आत \' चालतं. २०२४ च्या पॉझिक्स (युनिक्सच्या शेल आणि कमांडांचं) मानकातही हा प्रकार घेतला आहे. मात्र त्यात रेगेक्सचे सगळे बॅकस्लॅश दुप्पट करावे लागतात, म्हणून लांब रेगेक्सला तो त्रासदायक ठरतो. दुसरी वाट जीएनयू सेडची: सिंगल कोटाऐवजी \एक्स२७ हा संकेत. लिनक्सवर सुटसुटीत, पण मॅकवरच्या सेडला तो भरवशाने कळत नाही. ऑकमध्ये \०४७ हा अष्टमान संकेत सगळीकडे चालतो.

विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टला सिंगल कोट हा कोटच वाटत नाही, आणि पॉवरशेलमध्ये सिंगल कोटांच्या आत सिंगल कोट हवा असेल तर तो दोनदा लिहितात. विंडोजवर हे काम वारंवार करायचं असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) बसवून लिनक्सचाच शेल वापरा.

शेलला वाटेतून दूर करा

एक-दोन बदलांच्या पुढे गेलात की कमांडमध्ये कोट जुळवत बसू नका. नियम एका फाइलीत लिहा. या फाइलीला नियम असं नाव देऊ:

```
# नावांमधले कोट
एस/डी'सोझा/डिसोझा/जी
एस/डी’सोझा/डिसोझा/जी
एस/डी'मेलो/डिमेलो/जी
```

आणि चालवा:

```
सेड -एफ नियम यादी > यादी-नवी
```

या फाइलीत शेल डोकावतच नाही. सिंगल कोट म्हणजे सिंगल कोट, डॉलर म्हणजे सेडचा डॉलर. शेलपासून वाचवण्यासाठी एकही बॅकस्लॅश लागत नाही. वर टिपण लिहिता येतं, सहकाऱ्याला दाखवता येतं, सहा महिन्यांनी पुन्हा वापरता येतं. ग्रेपलाही -एफ देऊन शोधायचे शब्द फाइलीतून देता येतात. कॅपिटल एफ म्हणजे वेगळा पर्याय, त्याने ग्रेप मजकूर रेगेक्स न समजता अक्षरशः शोधतो. दोन्ही एकत्र वापरले तर कोट, टिंब, कंस कशाचीच काळजी राहत नाही. माझं मत विचाराल तर कोटांच्या कामात हीच पहिली पसंती असावी, आणि '\'' फक्त एखाद्या घाईच्या बदलापुरतं.

नियमांची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहा. वर्डमध्ये लिहिली तर तो सरळ कोटांचे वळणदार करून ठेवेल. विंडोजवर जतन केली तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्नचं एक न दिसणारं चिन्ह येतं, आणि सेड म्हणतो की एस पुढचा पर्याय ओळखीचा नाही. ओळ डोळ्यांना बरोबर दिसत असताना ही तक्रार आली तर एडिटरमध्ये ओळ संपवण्याची पद्धत युनिक्सची करून फाइल पुन्हा जतन करा.

वळणदार कोट

वरच्या नियमांत डी'सोझा आणि डी’सोझा असे दोन प्रकार आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. कीबोर्डवरचे सरळ कोट आणि छपाईतले वळणदार कोट ही संगणकाच्या लेखी पूर्ण वेगळी अक्षरं आहेत. शोध घेताना दोन्ही असू शकतात हे गृहीत धरा. बदलाआधी टिंब वापरून एक पाहणी करून घ्या:

```
ग्रेप -एन 'डी.सोझा' यादी
```

टिंब कुठल्याही एका अक्षराला जुळतं, त्यामुळे सरळ कोट, वळणदार कोट, स्पेस, आडवी रेघ, सगळे प्रकार एकदम समोर येतात. पाहणीला हे उत्तम, बदलाला नको.

शेल वळणदार कोटांना कोट मानतच नाही. वर्डमधून किंवा एखाद्या ब्लॉगवरून उचललेल्या कमांडमध्ये ते असतील तर ग्रेप ‘दोन शब्द’ यादी याचा अर्थ असा होतो: ‘दोन हा मजकूर शब्द’ आणि यादी या दोन फाइलींत शोधा. मग शब्द’ नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रार येते. असली तक्रार आली की उचललेल्या कमांडमधले कोट हाताने पुन्हा टाइप करा.

आता मराठी मजकुरासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वळणदार डबल कोट सरळ करायचे म्हणून लोक चौकटी कंसात दोन्ही घालतात:

```
सेड 'एस/[“”]/"/जी' लेख
```

तुमच्या संगणकावर हे बहुधा नीट चालेल. पण हीच कमांड क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) किंवा एखाद्या छोट्या डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठीचं वेगळं बंदिस्त वातावरण) चालवलीत, तर मराठी मजकूर फुटू शकतो. अशा ठिकाणी लोकॅल (भाषा आणि अक्षरं कशी वाचायची याची निवड) ठरवलेलं नसेल तर सेड सी लोकॅलमध्ये चालतो आणि मजकूर अक्षर-अक्षर न वाचता बाइट-बाइट वाचतो. यूटीएफ-८ मध्ये “ हे चिन्ह ई२ ८० ९सी या तीन बाइटांचं आहे आणि ” हे ई२ ८० ९डी. बाइट वाचणाऱ्या सेडला चौकटी कंसात दोन अक्षरं दिसत नाहीत, ई२, ८०, ९सी, ९डी असे चार सुटे बाइट दिसतात. आणि आपला ज आहे ई० ए४ ९सी. झ आहे ई० ए४ ९डी. दीर्घ वेलांटी आहे ई० ए५ ८०. म्हणजे मजकुरातल्या प्रत्येक ज, झ आणि दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट उडून तिथे सरळ कोट बसतो. सिंगल कोटांची तीच गत, तिथे घ आणि ङ बळी पडतात, दीर्घ वेलांटी तर असतेच. दुसर्‍या हा शब्द र आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) जोडून लिहिला असेल तर तोही मोडतो, कारण झेडडब्ल्यूजेची सुरुवातही ई२ ८० अशीच आहे. इंग्रजी मजकुरावर चाचणी करणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

उपाय अगदी साधा आहे. चौकटी कंस सोडा आणि प्रत्येक कोटाला स्वतंत्र नियम द्या:

```
सेड 'एस/“/"/जी; एस/”/"/जी' लेख
```

आता तिन्ही बाइट त्याच क्रमाने आले तरच जुळतात, मग लोकॅल कुठलंही असो. स्क्रिप्टमध्ये एलसी_ऑल ला सी.यूटीएफ-८ अशी किंमत (सगळी अक्षरं कॅपिटल) देणंही चांगलंच, पण सुटे नियम हाच माझ्या मते पक्का बंदोबस्त आहे. क्रॉनवर काम टाकण्याआधी एलसी_ऑल=सी लावून एकदा मुद्दाम चालवून बघा, म्हणजे फुटणार असेल ते आधीच फुटेल.

सरळ कोटांचे वळणदार करणं

छपाईसाठी उलटा बदल लागतो. यात मराठीला एक सोय आहे. इंग्रजीत शब्दांच्या मध्येच अपॉस्ट्रॉफी येते, त्यामुळे सिंगल कोट उघडणारा की बंद होणारा हे ठरवणं अवघड जातं. मराठीत तशी वेळ क्वचित येते. म्हणून नियम सरळ होतो: ओळीच्या सुरुवातीला, स्पेसनंतर, उघडत्या कंसानंतर किंवा डॅशनंतर आलेला कोट उघडणारा, बाकीचे सगळे बंद होणारे. नियम फाइलीत असे लिहा:

```
एस/(^|[ (]|—)"/\१“/जी
एस/"/”/जी
एस/(^|[ (]|—|“)'/\१‘/जी
एस/'/’/जी
```

आणि सेडला कॅपिटल ई आणि लहान एफ असे दोन पर्याय देऊन चालवा. चौकटी कंसात फक्त स्पेस आणि उघडता कंस ठेवला आहे, ते दोन्ही एका बाइटचे आहेत. डॅश तीन बाइटांचा म्हणून तो बाहेर, उभ्या रेघेने वेगळा. क्रम बदलू नका. आधी डबल कोट पुरे व्हायला हवेत, तेव्हाच तिसऱ्या नियमाला “ नंतर लगेच आलेला सिंगल कोट उघडणारा म्हणून ओळखता येतो. परिच्छेदाच्या सुरुवातीला टॅब असतील तर ते आधी काढून टाका.

हा नियम फसतो तो सालांच्या लघुरूपात. '९२ सालची गोष्ट असं लिहिलं असेल तर तिथे उघडणारा कोट बसेल, हवा असतो बंद होणारा. बदलानंतर ‘ आणि त्याला लागून अंक असलेल्या ओळी ग्रेपने काढा आणि हाताने बघा. नावातला कोट मात्र दोन अक्षरांच्या मध्ये असल्यामुळे आपोआप बरोबर ’ होतो.

हे चालवण्याआधी मूळ मजकुरात एखादा कोट उघडून बंद करायचा राहिला आहे का ते पाहा. डबल कोटांची संख्या विषम असलेल्या ओळी ऑक शोधून देतो. यात दोन्हीकडचं एफ आणि एन कॅपिटल:

```
ऑक -एफ'"' 'एनएफ && एनएफ%२==०' लेख
```

डबल कोट हाच विभाजक धरला तर तुकड्यांची संख्या कोटांपेक्षा एकाने जास्त येते, म्हणून तुकडे सम असतील तर कोट विषम. मजकुरात एक परिच्छेद म्हणजे एक ओळ असेल तरच हे तपासणं अर्थपूर्ण आहे. लांब भाषण अनेक परिच्छेदांत चालत असेल तर प्रत्येक परिच्छेदाच्या आधी कोट उघडतो आणि शेवटच्यातच बंद होतो. तशा ओळी यादीत आल्या तर सोडून द्या.

हे सगळं फक्त निव्वळ मजकुरावर करा. एचटीएमएलमध्ये गुणधर्मांभोवतीचे कोट वळणदार झाले की पान मोडतं. सीएसव्हीत आतला डबल कोट दोनदा लिहिलेला असतो, तो सेडने काढला तर रकाने सरकतात. जेसनसाठी जेक्यू हे त्याचंच साधन वापरा, सेड नको.

अनेक फाइली

शेवटचा सापळा फाइलींच्या नावांचा. ज्या फाइलींत सिंगल कोट आहेत त्या ग्रेपने शोधून एक्सआर्ग्जकडे (आलेली नावं दुसऱ्या कमांडला पुरवणारी कमांड) दिल्या, आणि एखाद्या फाइलीचं नावच डी'सोझा-मुलाखत असेल, तर जुळणारा कोट नाही म्हणून एक्सआर्ग्ज थांबतो. तो येणाऱ्या मजकुरातले कोट स्वतः वाचतो. नावं शून्य बाइटने वेगळी करून पाठवली की तो कोटांकडे बघत नाही:

```
ग्रेप -आरएल --नल "'" मजकूर | एक्सआर्ग्ज -० सेड -आय.बॅक -एफ नियम
```

वळणदार कोटांची नियम फाइल असेल तर इथेही कॅपिटल ई चा पर्याय जोडा. -आय ला चिकटून .बॅक लिहिलं आहे ते दोन कारणांसाठी: मूळ प्रत राहते, आणि असं जोडून लिहिलेलं लिनक्स आणि मॅक दोन्ही सेडना चालतं. कमांड दुसऱ्यांदा चालवण्याआधी .बॅक फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. नाहीतर ग्रेप त्यांनाही पकडेल, आणि त्या वेळी जी फाइल पुन्हा बदलेल तिच्या मूळ प्रतीवर अर्धवट बदललेली प्रत बसेल. त्याआधी प्रत्येक फाइल तिच्या .बॅक प्रतीशी डिफ -यू ने ताडून पाहा. मजकूर गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) असेल तर गिट डिफला --वर्ड-डिफ द्या, म्हणजे अख्खी ओळ जुनी आणि नवी अशी दोनदा न दाखवता ओळीतला नेमका बदललेला शब्द खुणेने दाखवला जातो, आणि कोटासारखी बारीक खूण लांब परिच्छेदातही डोळ्यांतून सुटत नाही.